नावेची बाजू

सांगली, गावभाग
मंगळवार, रात्र

पोरी,

तुझी पीडीएफ आली. मोबाईलवर वाचायला गेलो तर अक्षरं मुंग्यांएवढी, मोठी केली की ओळ पडद्याबाहेर पळतीय, शेवटी नातवाला पिटाळलं मारुती रोडला आणि झेरॉक्सवाल्याकडनं प्रिंट काढून आणली. अकरा पानं. "राष्ट्रीय प्रश्नांवर पक्षाची भूमिका, कार्यकर्त्यांसाठी टिपण." नाव भारदस्त आहे. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा लाल पेन घेऊन बसलो आणि सगळ्यात आधी "निषेध" हा शब्द मोजला, तेवीस वेळा आलाय, त्यातले नऊ "तीव्र". रागावू नकोस. तुझ्या वयात मीही असंच लिहायचो, फक्त आमच्याकडं पीडीएफ नव्हती, सायक्लोस्टाईल होतं आणि शाई बोटांना लागायची.

तुझा आजा काँग्रेसचा, तूही आता त्याच पक्षात, आणि मी शेकापचा, हे तुला माहीतच आहे. आजा आणि मी आयुष्यभर एकमेकांच्या सभेला जाऊन मागच्या ओळीत बसलो आणि घरी येताना भांडलो. मी काही पुढारी नव्हतो. मार्केट यार्डात एका अडत दुकानात हळदीच्या वह्या लिहिल्या, १९७८ ते २०१२, दिवाणजी म्हणूनच आयुष्य गेलं. निवडणूक आली की रात्री बसून उमेदवारांना भाषणाचे मुद्दे काढून द्यायचो, तेही कायम विरोधातल्याच, सत्तेतल्या माणसानं माझ्याकडनं कधी मुद्दे मागितले नाहीत. त्यामुळं माझ्याकडं आहे ते राजकारणाचं ज्ञान कमी आणि वहीचं जास्त. आणि वही एवढंच सांगते की एक रक्कम जमेला लिहिली की ती कुणाच्या तरी नावे, म्हणजे देण्याच्या बाजूला, पडलेली असते. तुझ्या अकरा पानांत जमाच जमा आहे. हमीभाव देऊ, अग्निवीर रद्द करू, रोजगार हमी परत आणू, जीएसटी सोपा करू. हे सगळं कुणाच्या नावे टाकायचं ते एकाही पानावर नाही.

माझीच फजिती सांगतो म्हणजे कळेल. एका विधानसभेला आमच्या उमेदवारासाठी मी एक झकास मुद्दा काढला होता, "शेतकऱ्याच्या पट्टीतनं होणारी अडतीची कपात बंद करू." अडत म्हणजे माल विकून दिल्याबद्दल दुकानाची दलाली. आणि पट्टी तू बघितलीयस का कधी? माल विकला की शेतकऱ्याच्या हातात जो कागद येतो तो. वर वजन आणि दर, खाली एकेक कपात, हमाली, तोलाई, अडत, घेतलेली उचल, आणि सगळ्यात शेवटी निव्वळ रक्कम. शेतकरी वरचं काही वाचत नाही, अंगठा शेवटच्या आकड्यावर ठेवतो. तर सभेत टाळ्या अशा पडल्या की विचारू नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गेलो, शेठनी शांतपणे चहा मागवला आणि म्हणाले, "दिवाणजी, मुद्दा तुमचाच दिसतोय. अडत बंद झाली की तुमचा पगार कुठनं द्यायचा तेवढं लिहून द्या." मी गप्प. तेवढ्यात पायरीवर बसलेला मिरज पूर्व भागातला एक म्हातारा शेतकरी म्हणाला, पगाराचं राहू दे, मला लागणीच्या वेळी उचल कोण देणार ते सांग, बँक तर दारात उभी करत नाही. शेठचं उत्तर मी देऊ शकलो असतो, शेठ काय, नफ्यातला माणूस. म्हाताऱ्याचं नाही देता आलं. अडत ही नुसती लूट नव्हती, त्यात शेठची सावकारीही होती आणि शेतकऱ्याची गरजही होती, आणि मी ज्या पेढीच्या गादीवर बसून वह्या लिहीत होतो तिथली गोष्ट मला दिसली नव्हती. पुढं २०१६ ला सरकारनं फळं-भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडनं घ्यायचा निर्णय केला तेव्हा मला त्या म्हाताऱ्याची फार आठवण आली. आमचा उमेदवार पडला, बरंच झालं म्हणायचं.

आता तुझं पान दोन. शेतीचे तीन कायदे. तू लिहिलंयस की पक्षानं "पहिल्यापासून" बाजार समित्यांच्या बाजूनं लढा दिला. पोरी, तुझ्याच पक्षाचा २०१९ चा जाहीरनामा काढून बघ. बाजार समिती कायदा रद्द करू आणि शेतमालाचा व्यापार, निर्यात आणि आंतरराज्य व्यापारासकट, सगळ्या बंधनांतनं मोकळा करू, असं त्यात छापलंय. जूनमध्ये अध्यादेश आले, सप्टेंबर २०२० ला कायदे झाले, तुझा पक्ष रस्त्यावर उतरला, आणि १९ नोव्हेंबर २०२१ ला ते मागं घेत असल्याचं पंतप्रधानांनी टीव्हीवर येऊन सांगितलं. सभेत कुणीतरी तो २०१९ चा कागद खिशातनं काढणारच, आजकाल सगळ्यांच्या खिशात सगळे कागद असतात. मग तू "पहिल्यापासून" म्हणून अडकणार. त्यापेक्षा सरळ लिही, की हो, आम्ही बाजार खुला करायचं म्हणत होतो, पण त्याच जाहीरनाम्यात मोठ्या गावांत आणि छोट्या शहरांत शेतकऱ्यांचे बाजार उभे करायचंही होतं, आणि आमचा राग होता तो राज्यांना न विचारता कोरोनाच्या दिवसांत अध्यादेश काढून आणल्याचा. हे खरंही आहे आणि टिकणारंही आहे. आपण बदललो हे कबूल करणाऱ्याला लोक पटकन सोडून देतात, लपवणाऱ्याला नाही सोडत.

हमीभावाच्या कायद्याचं तसंच. स्वामिनाथन आयोगाप्रमाणे भाव ही २०२४ च्या जाहीरनाम्यातली मोठी गोष्ट. पण आयोग नेमला २००४ ला, शेवटचा अहवाल आला २००६ ला, आणि त्यानंतर २०१४ पर्यंत दिल्लीत सरकार कुणाचं होतं? खर्चाच्या वर ५० टक्के ही शिफारस तेव्हाच्या सरकारनं मान्य केली नाही, संसदेत तसं सांगितलं. हे तुझ्या नावेच्या बाजूला पडलेलं आहे, ते खोडता येणार नाही. आणि दुसरं, तू तासगावात उभी राहून हमीभावावर बोलणार आहेस. तासगावात. केंद्र २२ पिकांना हमीभाव जाहीर करतं, त्यात द्राक्ष नाही, बेदाणा नाही, हळद नाही, डाळिंब नाही. समोरचा बागायतदार ऐकून घेईल, चांगली माणसं आहेत, पण मनात म्हणेल ही पोरगी पंजाबचं भाषण चुकून इकडं घेऊन आली. बोलायचं तर सोयाबीनचं बोल, वाळवा-पलूसकडं पिकतं, २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता आणि बाजारात त्याच्या खाली विकलं गेलं, हे तिथल्या माणसाच्या अंगावरनं गेलेलं आहे.

आणि उसाचं बोल, कारण कायद्यानं बांधलेला भाव म्हणजे काय ते आपल्याकडच्या माणसाला कुणी शिकवायला नको. एफआरपी, म्हणजे उसाचा किमान रास्त भाव, आहे, १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर १५ टक्के व्याज, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात हे सगळं आहे. तरी दर हंगामाला ट्रॅक्टर अडवावे लागतात. का? एफआरपी २०१८-१९ ला टनाला २,७५० होती, २०२५-२६ ला ३,५५० झाली, आणि साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ ला किलोला ३१ रुपये केला तो वर्षानुवर्षं तिथंच. एक बाजू कायद्यानं वर जाते आणि दुसरी बाजू जागची हलत नाही, मग मधल्या फरकात कारखाना थकतो आणि शेतकरी वाट बघतो. (कारखानदार काय काय करतात ते वेगळं, त्यावर मी लिहायला बसलो तर हे पत्र संपणार नाही आणि तुझ्या पक्षातले निम्मे पुढारी माझ्याशी बोलायचे बंद होतील.) हमीभावाचा कायदा मागायचा तर दुसरी बाजू कोण उचलणार तेही माग. सरकार खरेदी करणार की व्यापाऱ्यावर सक्ती, की फरकाची रक्कम खात्यात? तिन्हीचे आकडे वेगळे येतात. तुझ्या टिपणात यातलं कुठलं तेच नाही.

आता रोजगार हमी. इथं मात्र पेन बाजूला ठेवून सांगतो, कारण हे पान तुझं सगळ्यात कमकुवत आहे आणि विषय आपल्या घरचा आहे. डिसेंबर २०२५ मध्ये मनरेगाच्या जागी नवा कायदा आला, १०० ऐवजी १२५ दिवस, पण खर्च केंद्र ६० आणि राज्य ४०, आणि ऐन शेतीच्या हंगामात ६० दिवस कामं थांबवायची मुभा. तू सगळा जोर गांधीजींचं नाव काढल्यावर दिलायस. नावाचं दुःख मलाही आहे, पण खड्डा खणणाऱ्या बाईला त्या नावापेक्षा हजेरीपत्रकावरच्या आपल्या नावाची काळजी जास्त.

वि. स. पागे हे नाव तुझ्या टिपणात एकदाही नाही! अगं, विधान परिषदेचे सभापती, आपल्या जिल्ह्यातले, आणि ही योजनाच त्यांच्या डोक्यातली. पहिला प्रयोग झाला तो तुमच्या तासगाव तालुक्यात. मग १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ ला विधिमंडळानं कायदा केला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, आणि दिल्लीला हेच सुचायला २००५ उजाडलं. सत्ताधारी आणि विरोधक दोघांनी मिळून तो कायदा केला, त्या काळी विरोधक आमच्यासारखे लाल बावट्यावाले आणि समाजवादी, बोलताना कुणाला सोडायचे नाहीत, पण त्या दिवशी हात वर झाले ते एकत्र.

पण मला खरं सांगायचंय ते पुढचं. तुझ्या बाबांचं पगारपत्रक बघ. दर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाला २,५००, प्रोफेशनल टॅक्स म्हणून कापलेले दिसतील. मास्तर लोक दर फेब्रुवारीला त्यावर कुरकुरतात. तो कर १९७५ ला आला तो रोजगार हमीसाठी. म्हणजे शहरातल्या नोकरदाराच्या पगारातनं थोडं काढायचं आणि दुष्काळी गावातल्या माणसाला काम द्यायचं, आणि हे लपवून नाही, पगाराच्या कागदावर ओळ टाकून. जमा आणि नावे एकाच वहीत. म्हणून ती योजना मोडली नाही. रखडली, भ्रष्टाचार झाला, खडी फोडून फोडून बायकांचे हात गेले, सगळं खरं, पण मोडली नाही.

म्हणून नव्या कायद्यावर टीका करायचीच तर इथं कर. जुन्या कायद्यात अकुशल मजुरी सगळी केंद्र देत होतं, मागेल त्याला काम हा हक्क होता. आता ४० टक्के राज्याच्या नावे टाकले आणि केंद्र आपला आकडा आधी ठरवणार, मग गरीब राज्यानं काम काढायचंच नाही अशी सोय आपोआप झाली, १२५ काय आणि २०० काय, कागदावर दिवस वाढवायला पैसे लागत नाहीत. ही टीका अंगाला लागते. आणि लगेच आपली बाजूही मांड. तुझ्या पक्षानं २०२४ ला दिवसाला किमान ४०० रुपये मजुरी म्हटलंय, महाराष्ट्रात मनरेगाची मजुरी २०२५-२६ ला ३१२ होती. म्हणजे माणसामागं रोजचे ८८ रुपये जास्त. कुठनं आणणार? पाग्यांनी ओळ टाकली होती. तुझी ओळ कुठली?

पान चार, अग्निवीर. हे टिपण तू साताऱ्यालाही पाठवणार म्हणतेस म्हणून जपून सांगतो. तिकडं अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, पिढ्यान् पिढ्या घरटी माणूस फौजेत, गावाच्या नावातच मिलिटरी. देशातली पहिली सैनिक शाळाही साताऱ्याचीच, १९६१ ची. अशा गावात जाऊन "अग्निपथ हा युवकांचा विश्वासघात" असलं वाक्य वाचून दाखवशील तर पारावरचा रिटायर्ड सुभेदार तुलाच चार प्रश्न विचारेल. त्याला आकडे पाठ आहेत. जून २०२२ ला योजना आली, चार वर्षं नोकरी, पहिल्या वर्षी महिना ३० हजार, त्यातले ३० टक्के सेवानिधीला, शेवटी हातात ११ लाख ७१ हजारांच्या आसपास, चारातला जास्तीत जास्त एक कायम, बाकीच्यांना पेन्शन नाही. पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ चा शेवट ते २०२७ ची सुरुवात अशी भरतात. तुझा मुद्दा तिथंच आहे, पोरं गावात परत येतील तेव्हा. एकवीस-बावीस वर्षांचा पोरगा, हातात अकरा लाख, पोलीस भरतीला पुन्हा रांगेत, आणि लग्नाच्या बैठकीत मुलीकडचे विचारणार, नोकरी आहे का होती?

पण सुभेदार हेही विचारणार की जुनी भरती परत आणली तर पेन्शनचं काय. संरक्षणाच्या पेन्शनला २०२५-२६ च्या बजेटमध्ये १ लाख ६० हजार कोटींच्या वर लागलेत. ही योजना आणण्यामागं तो आकडा आहे, सरकार मोकळेपणानं म्हणत नाही एवढंच. आणि वन रँक वन पेन्शन तुझ्या पक्षानं फेब्रुवारी २०१४ मध्ये, निवडणूक तोंडावर असताना, ५०० कोटी ठेवून मान्य केली, लागू केली ती पुढच्या सरकारनं २०१५ ला. सुभेदार ते विसरलेला नाही, बँकेत पासबुक भरायला गेला की त्याला आठवतं. तेव्हा "रद्द करू" एवढंच न लिहिता कायम ठेवायचं प्रमाण किती, जे परत येतील त्यांचं काय आणि पेन्शनचा पैसा कुठला, एवढं तरी लिही. सरकारी नोकरांच्या जुन्या पेन्शनचंही तसंच, हिमाचलमध्ये तुझ्या पक्षानं दिली, २०२४ च्या राष्ट्रीय जाहीरनाम्यात तिचा उल्लेख नाही, आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून ती बंद केली तेव्हा मुंबईत आघाडीचंच सरकार होतं. तुझ्या बाबांना विचार, ते तारखेसकट सांगतील.

पान सात वाचून मी मोठ्यानं हसलो, आतनं सूनबाई बघायला आली काय झालं म्हणून. "अलमट्टीची उंची वाढवण्याच्या केंद्र सरकारच्या कारस्थानाचा तीव्र निषेध." अगं बाई, धरण कर्नाटकाचं, उंची वाढवायची आहे कर्नाटकाला, ५१९.६० मीटरवरनं ५२४.२५६ वर, परवानगी दिली कृष्णेच्या पाणीवाटपाच्या बृजेशकुमार लवादानं डिसेंबर २०१० ला, आणि बेंगळुरात मे २०२३ पासून सरकार आहे तुझ्या पक्षाचं! आधी भाजपचं होतं तेव्हा त्यांनाही हेच पाहिजे होतं, आणि इथले भाजपवाले तेव्हाही विरोधात होते. कृष्णा तीच, पक्ष तेच, फक्त काठ बदलला की भूमिका बदलते. सगळ्या पक्षांची. तिकडच्या पक्षाला विजापूर-बागलकोटच्या कोरड्या रानाला पाणी द्यायचंय, ती माणसंही खोटी नाहीत.

मी यावर तटस्थ नाही, आधीच सांगतो. २०१९ च्या ऑगस्टला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. आमच्या घरात पोटमाळ्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत. दुकान सोडताना शेठनी जुन्या वह्या मला दिल्या होत्या, १९७८ पासूनच्या, लाल कापडाच्या, त्या सगळ्या खाली कपाटात. पाणी ओसरल्यावर चिखलातनं काढल्या आणि एकेक पान सोडवून गच्चीवर दोरीला चिमटे लावून वाळत घातलं. निळी शाई सगळी उतरली होती, काळी राहिली. तेव्हापासून पावसाळ्यात रोज सकाळी कोयनेचा विसर्ग बघतो आणि मग अलमट्टीची पातळी बघतो, पेपर नंतर. तरीसुद्धा सरकारनं त्या पुरावर नेमलेल्या वडनेरे समितीनं अभ्यास करून सांगितलं की पुराला अलमट्टी कारण नाही, पाऊस, नदीतली अतिक्रमणं, पूररेषेतली बांधकामं ही कारणं. सांगलीत ते कुणालाच आवडलं नाही, मलाही नाही, पण टिपणात ते असलं पाहिजे. त्याच्याविरुद्ध बोलायचं तर बोल, पण ते आहे हे सांगून बोल.

आणि खरी हिंमत दाखवायची तर असं लिही, की या प्रश्नावर आमचा आमच्याच कर्नाटकातल्या सरकारशी मतभेद आहे, पावसाळ्यात कुठल्या तारखेपर्यंत धरणात किती पातळी ठेवायची याचा लेखी करार दोन्ही राज्यांनी करावा यासाठी आम्ही आमच्या मुख्यमंत्र्यांना भेटू. बघ तुझे वरिष्ठ छापू देतात का. नाही देणार बहुतेक. पण तू लिहिलंस हे त्यांच्या लक्षात राहील, आणि पुढच्या पुरात ते तुलाच शोधत येतील.

बाकीचं भराभर सांगतो, हात दुखायला लागला. जीएसटीवर "गब्बर सिंग टॅक्स" आता जुना झाला, शिवाय जीएसटी कौन्सिलमध्ये तुमच्या राज्यांचेही अर्थमंत्री बसतात आणि तिथं पहिल्यांदा मतदान झालं ते डिसेंबर २०१९ ला, लॉटरीवर, तोवर सगळं एकमतानं. आणि सप्टेंबर २०२५ ला दर कमी करून ५ आणि १८ वर आणले त्यालाही विरोधी राज्यांनी हात वर केलेत. आपल्या जिल्ह्यात बोलायचं तर बेदाण्याचं बोल, शेतकऱ्यानं स्वतः विकलेल्या बेदाण्यावर जीएसटी लागत नाही एवढं साधं स्पष्ट व्हायला डिसेंबर २०२४ उजाडला, साडेसात वर्षं.

एक देश एक निवडणूक, विरोध ठीक आहे, फक्त १९६७ पर्यंत निवडणुका एकत्रच होत होत्या आणि लोकसभा वर्षभर आधी विसर्जित करून १९७१ ला वेगळी निवडणूक घेतली ती इंदिराबाईंनी, हे समोरचा काढणार हे धरून चाल. महिला आरक्षण, "ओबीसी महिलांना त्यात वाटा हवा" ही भूमिका आज बरोबर आहे, २०१० ला राज्यसभेत जे विधेयक तुमच्या सरकारनं मंजूर करून घेतलं त्यात तो नव्हता, आणि राहुल गांधींनी २०२३ ला त्याचा शंभर टक्के खेद आहे असं सांगितलंय, तेच वाक्य वापर, आडवळण नको. पक्षांतराचा कायदा कडक करू, उडी मारली की आमदारकी-खासदारकी आपोआप जाईल, हे २०२४ च्या जाहीरनाम्यातलं मला सगळ्यात आवडलेलं कलम, पण साताऱ्यात ते वाचताना जरा दमानं घे, तिथल्या मतदारानं २०१९ ला पवारांच्या पावसातल्या सभेनंतर पक्ष सोडणाऱ्याला पाडलं आणि २०२४ ला त्यालाच निवडून दिलं. लोकांची वही आपल्यापेक्षा वेगळी असते. परराष्ट्र धोरणाचं पान सगळं काढून टाक, ते तू गुगलवरनं घेतलंयस, मला कळतं.

जातगणनेचं पान तेवढं चांगलं झालंय. त्यात फक्त एक भर घाल. २०११ ला तुमच्याच सरकारनं जातीची माहिती गोळा केली आणि ती आजतागायत बाहेर आली नाही. मग तुम्ही विरोधात गेलात, मागणी लावून धरली, भाजपवाले जातीत भांडणं लावता म्हणून ओरडले, आणि ३० एप्रिल २०२५ ला त्यांच्याच मंत्रिमंडळानं जनगणनेत जात मोजायचं ठरवलं. विरोधी पक्षाचं असंच असतं गं. पिकवतो आपण आणि पट्टी दुसऱ्याच्या नावावर निघते. तुमच्या जाहीरनाम्यातल्या शिकाऊ उमेदवारीचंही २०२४ च्या बजेटला इंटर्नशिप म्हणून तेच झालं. त्यावर चिडून लिहू नकोस, "आमचं चोरलं" म्हणण्यात काय मिळतं, आता जात मोजल्यावर पुढं काय करणार, आरक्षणावरची ५० टक्क्यांची मर्यादा कशी उठवणार ते लिही. ते अजून कुणी उचललेलं नाही.

आणि उलटही होतं. १९९५ ला युतीनं एन्रॉनचा वीजप्रकल्प अरबी समुद्रात बुडवायची घोषणा केली, निवडून आले, ऑगस्टमध्ये करार रद्दही केला, आम्ही विरोधातले असून टाळ्या वाजवल्या, आणि जानेवारी १९९६ ला तोच प्रकल्प २,०१५ मेगावॉटचा २,१८४ करून मंजूर. शेवटी २००१ ला वीज मंडळानंच वीज घेणं थांबवलं, एवढी महाग. त्या घोषणेचे मुद्दे लिहून देणारा कुणीतरी माझ्यासारखाच दिवाणजी असणार, मला नेहमी वाटतं त्याला काय वाटलं असेल.

लाल पेननं केलेल्या खुणा बघून घाबरू नकोस. काट मारलीय ती चूक आहे, गोल केलाय तिथं नावे लिहायची राहिलीय. पान सातवर काट नाही, नुसता गोल आहे, मोठा.

रविवारी ये. तीननंतर, आधी मी झोपलेला असतो. एसटीनं आलीस तर नातू स्टँडवर येईल गाडी घेऊन. बेदाणा आणू नकोस, शुगर परत वाढलीय, डॉक्टर ओरडतात. तुमच्या बागेतली द्राक्षं चार-पाच मणी चालतात असं मी त्यांच्याकडनं वदवून घेतलंय.

आजाला सांग, पान दोन वाचताना त्याची फार आठवण आली, भांडायला पाहिजे होता.

तुझा
तात्या